भावाच्या रिपोर्टमध्ये ‘लॅमिन’चा दोष आलाय, नुसता पेसमेकर पुरेल का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात मांडतो. वडील तरुणपणी तालमीत तयार झालेले, पुढं साखर कारखान्यात नोकरी, ४६व्या वर्षी झोपेतच गेले. थोरला भाऊ ३७ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून त्याला चक्कर येते, नाडी चाळिशीच्या आत असते. ‘हार्ट ब्लॉक’ आहे असं सांगितल्यावर घरच्यांनी अँजिओग्राफी करून घेतली, ती स्वच्छ निघाली. मग पेसमेकर ठरला. दरम्यान एका डॉक्टरांनी वडिलांचं ऐकून जनुकीय तपासणी करवली आणि एलएमएनए नावाच्या जनुकात, म्हणजे पेशीच्या केंद्रकातलं लॅमिन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात, रोगकारक बदल सापडला. तुम्ही विचारताय: केंद्रक तर अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, मग त्यातल्या प्रथिनाचा दोष हृदयालाच का बाधला? पेसमेकर बसला की धोका टळला का? आणि तुम्ही, तालमीत जाणारा धाकटा भाऊ, तुमची १३ आणि ८ वर्षांची मुलं, यांचं काय?

मी कोल्हापुरात गेली पंचवीस वर्षं हृदयरोगाचे रुग्ण बघतोय आणि पेसमेकर बसवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या तीन प्रश्नांतला घाईचा प्रश्न मधला आहे. भावाला मी तपासलेलं नाही. त्याचं पंपिंग किती (म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं), होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर यंत्र लावून दिवसभर काढलेल्या ईसीजीत, काय दिसलं, बदल नेमका कोणता, यावर बरंच ठरेल. पण शस्त्रक्रियेआधी त्याच्या डॉक्टरांशी एक बोलणं व्हायलाच हवं, आणि ते नीट व्हावं म्हणून आधी हे प्रथिन काय आहे ते सांगतो.

राधानगरी, गगनबावड्याकडची जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करतात आणि त्यावर शेणमाती लिंपतात. डोळ्यांना दिसतं ते लिंपण, पण भिंत उभी असते कुडाच्या जिवावर. केंद्रकाचं तसंच आहे. त्याच्याभोवती चरबीचं पातळ दुहेरी आवरण असतं आणि आवरणाला आतून चिकटून प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते. ही जाळी मुख्यतः ज्या प्रथिनांची विणलेली असते ती लॅमिन. एकेक तंतू साधारण साडेतीन नॅनोमीटर जाड, म्हणजे माणसाच्या केसाच्या रुंदीत असे वीसएक हजार शेजारी शेजारी मावतील. लॅमिन ए आणि लॅमिन सी ही दोन्ही एकाच जनुकातून तयार होतात. तेच तुमच्या रिपोर्टमधलं एलएमएनए, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं. लॅमिन बीचे प्रकार वेगळ्या जनुकांतून येतात. पेशीचं विभाजन होताना ही जाळी सुटी होते आणि दोन नवी केंद्रकं तयार झाली की पुन्हा विणली जाते.

कूड भिंतीला आधार देतो, तशा त्याला खुंट्याही असतात. केंद्रकातल्या डीएनएचा साधारण एक तृतीयांश भाग या जाळीला टेकून असतो, आणि तिथं टेकलेली जनुकं बहुतेक शांत, मिटलेली असतात. स्नायूच्या पेशीनं यकृताची कामं करू नयेत यासाठी ही मांडणी लागते. तिसरं काम दोरखंडाचं. आवरणातून आरपार जाणारी काही प्रथिनं, सन आणि नेस्प्रिन या नावांची, आतल्या लॅमिनच्या जाळीला बाहेरच्या पेशीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतात. त्यामुळं स्नायू आवळला की त्याची ओढ थेट केंद्रकापर्यंत पोचते. एमेरिन नावाचं आणखी एक प्रथिन आवरणात बसून लॅमिनला धरून असतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. जाळी सगळीकडं आहे, पण ताण सगळीकडं सारखा नाही. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. प्रत्येक ठोक्याला त्या पेशींची केंद्रकं दाबली जातात, ताणली जातात. शिवाय हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ बदलल्याच जात नाहीत. कातडीची पेशी खराब झाली तर काही आठवड्यांत तिच्या जागी दुसरी येते. हृदयात मात्र जी आहे तिलाच वर्षानुवर्षं चालवायचं असतं. लॅमिन एचं प्रमाणही त्या हिशेबानं असतं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मेंदूसारख्या मऊ ऊतकात ते कमी आणि हाड, स्नायू अशा ताठ ऊतकांत जास्त असतं. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलमध्ये ते फार कमी असतं, म्हणून तर त्या पेशी बारीक फटीतून केंद्रकासकट सरकू शकतात. तेव्हा कूड कच्चा असेल तर ज्या घराला रोज वारा झोडपतो तेच आधी खचतं. केंद्रकाचा आकार बिघडतो, त्याला फुगे येतात, आवरण फाटतंही. त्याच वेळी खुंट्या ढिल्या झाल्यानं मिटलेली जनुकं अवेळी जागी होतात, पेशीत चुकीचे संदेश सुरू होतात, पेशी मरतात आणि तिथं तंतुमय चट्टा उरतो. काही संशोधक ताणाला जास्त महत्त्व देतात, काही जनुकांच्या गोंधळाला. मी रुग्णांना सांगतो की दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

इंटरनेटवर हेच जनुक शोधलं की लहान वयात म्हातारी दिसणारी मुलं दिसतात आणि तुमची झोप उडाली, असं तुम्ही लिहिलंय. ते चित्र मनातून काढा. तो प्रोजेरिया. त्याचं कारण २००३मध्ये सापडलं. एलएमएनएमधल्या ठरावीक जागी एका अक्षराचा बदल होतो आणि लॅमिन एमधले ५० अमिनो आम्लांचे दुवे गाळलेलं सदोष प्रथिन तयार होतं. हा बदल बहुतेक वेळा त्या मुलात नव्यानंच झालेला असतो, घराण्यातून आलेला नसतो. तुमच्या घरातला बदल वेगळा आहे आणि जो आहे तोच पुढच्या पिढीत जाईल, त्याचा प्रोजेरिया होणार नाही. याच जनुकात वेगवेगळ्या जागी शेकडो बदल माहीत आहेत आणि जागेप्रमाणं आजार बदलतो. कुठं हातापायांवरची चरबी झडून मधुमेह होतो, कुठं पायांच्या नसा बिघडतात, कुठं स्नायू आणि सांधे, कुठं फक्त हृदय. स्नायूंचा आणि हृदयाचा असे दोन्ही आजार या जनुकाशी जोडले गेले ते एकाच वर्षी, १९९९मध्ये.

स्नायूंचं निघालंच आहे तर घरीच एक पाहणी करा. भावाला उकिडवं बसायला सांगा. टाचा जमिनीला टेकतात का? दोन्ही हात पुढं करून कोपर पूर्ण सरळ होतात का? हनुवटी छातीला लागते का? या आजाराच्या एका प्रकारात, एमरी-ड्रायफस म्हणतात त्यात, टाचेची शीर, कोपर आणि मान लहानपणापासूनच आखडलेली असतात. घरचे ‘त्याची ठेवणच तशी आहे’ म्हणून सोडून देतात. असं काही दिसलं तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल. हाच आजार एमेरिनच्या दोषानंही होतो. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पण वडिलांकडून मुलाला एक्स जात नाही, त्यामुळं तुमच्याकडं वडील आणि मुलगा दोघांना त्रास झालाय हे ऐकल्यावरच, रिपोर्ट नसता तरी, मी एमेरिन मागं टाकून लॅमिनकडं वळलो असतो.

आता पेसमेकर. आधी एक गैरसमज, कारण त्यापायी तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही गेले. ‘हार्ट ब्लॉक’ आणि रक्तवाहिनीतलं ‘ब्लॉकेज’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भावाचा ब्लॉक विजेच्या वाटेतला आहे. वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून नाडी मंद. लॅमिनच्या आजारात हे बहुधा सगळ्यात आधी दिसतं. ईसीजीत पीआर नावाचं अंतर, म्हणजे संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ, वाढतं, मग वरचे कप्पे फडफडू लागतात, मग ब्लॉक पुरता होतो. हृदय मोठं होणं, पंपिंग उतरणं हे पुष्कळदा त्यानंतर काही वर्षांनी. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ‘नॉर्मल’ आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि इथंच फसगत होते.

कारण त्याच चट्ट्यांतून खालच्या कप्प्यात अचानक अतिवेगवान ठोके सुरू होऊ शकतात. पेसमेकर मंद नाडीला आधार देतो. नाडी दोनशेच्या वर धावू लागली तर त्याच्या हातात काही नसतं. तिथं आयसीडी लागतो. हे यंत्र पेसमेकरचं काम करतंच, शिवाय धोक्याचे ठोके ओळखून शॉक देऊन ते थांबवतं.

हे मी पुस्तकातून शिकलो त्याआधी एका घरातून शिकलो. साधारण अठरा वर्षांपूर्वी सीमाभागातला एक चाळिशीचा शेतकरी माझ्याकडं आला होता. नाडी मंद, इको चांगला. मी पेसमेकर बसवला, चक्कर थांबली, माणूस खूश. दीड वर्षानं तो शेताच्या बांधावर कोसळला आणि गेला. यंत्र तपासलं तेव्हा ते व्यवस्थित चालू होतं, आणि त्याच्या स्मृतीत खालच्या कप्प्याचे बेफाम ठोके नोंदलेले होते. पुढं चार वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ तशीच मंद नाडी घेऊन समोर बसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घराची वंशावळ कागदावर काढली. काका, आजोबा, आत्याचा मुलगा, सगळे पन्नाशीच्या आत, सगळे ‘बसल्या जागी’ गेलेले. थोरल्याच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून साठीच्या आतल्या कुठल्याही रुग्णाला ब्लॉक निघाला तर वंशावळ काढल्याशिवाय मी यंत्र ठरवत नाही. धाकट्याला आयसीडी बसवला. तो आजही वर्षातून दोनदा तपासायला येतो.

माझ्या एका अनुभवावर जाऊ नका. २००६मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी लॅमिनचा दोष असलेल्या आणि पेसमेकरची गरज असलेल्या १९ जणांना पेसमेकरऐवजी आयसीडी बसवला. बहुतेकांचं पंपिंग चांगलं होतं. सुमारे तीन वर्षांत त्यातल्या ८ जणांना यंत्रानं खरोखरीच्या धोकादायक ठोक्यांतून बाहेर काढलं. एरवी हृदय कमकुवत झालेल्या रुग्णात आम्ही आयसीडीसाठी पंपिंग ३५ टक्के किंवा खाली येण्याची वाट बघतो. लॅमिनमध्ये तेवढं थांबत नाहीत. इथं धोका वाढवणाऱ्या गोष्टी मोजतात: रुग्ण पुरुष असणं, पंपिंग कमी असणं, होल्टरवर खालच्या कप्प्याच्या जलद ठोक्यांच्या छोट्या माळा दिसणं, ब्लॉक असणं, आणि जनुकातला बदल प्रथिन अर्धवट तोडणारा असणं. यावरून पुढच्या पाच वर्षांतल्या धोक्याचा अंदाज काढायचं गणित आता उपलब्ध आहे. तुमच्या भावात यातल्या दोन गोष्टी आधीच आहेत.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ‘लॅमिनचा दोष सापडलाय, तर पेसमेकरऐवजी आयसीडी बसवावा का?’ दुसरं विचारा: ‘ब्लॉकमुळं सतत पेसिंग लागणार असेल, तर फक्त उजव्या कप्प्यातून न करता दोन्ही बाजूंना जुळवून घेणारी पद्धत वापरता येईल का?’ वर्षानुवर्षं एकाच बाजूनं पेसिंग केलं तर काहींचं पंपिंग त्यामुळंही उतरतं, आणि लॅमिनच्या हृदयाकडं तेवढी शिल्लक नसते. आयसीडीची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. किंमत पेसमेकरच्या कित्येक पट, कधी गरज नसताना शॉक बसतो, जंतुसंसर्गाचा धोका असतो, बॅटरी संपली की बदलावी लागते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काही बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि भाऊ बेशुद्ध पडत असेल किंवा ब्लॉक पूर्ण असेल, तर या चर्चेपायी मंद नाडीवरचा उपचार एक दिवसही लांबवू नका. आज पेसमेकर बसला तरी पुढं त्याचा आयसीडी करता येतो.

वरचे कप्पे फडफडत असतील तर आत गुठळी होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो. यंत्र बसल्यावर नाडी छान लागते, त्यामुळं हे नजरेआड होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विषय प्रत्येक तपासणीला काढा.

मूळ दोषावर औषध अजून नाही. पेशीतला एक चुकीचा संदेश अडवणाऱ्या गोळीची मोठी चाचणी झाली, पण फायदा दिसेना म्हणून २०२२मध्ये ती थांबवली. पंपिंग उतरलं तर हृदयाच्या नेहमीच्या गोळ्या चांगल्या चालतात, आणि अगदी टोकाला हृदयप्रत्यारोपण आहे. कुणी मूळपेशींच्या इंजेक्शनानं हा आजार बरा करतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

धाकट्या भावाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याला काहीच त्रास नाही. २९ वर्षांचा, रोज जोर-बैठका, मैदानात कुस्त्या. आपल्याकडं पहिलवानाची नाडी मंद असली की कुणी दचकत नाही, आणि ते पुष्कळदा बरोबरही असतं. कसलेल्या शरीराची नाडी मंद असते, पीआर थोडं लांबलेलंही असतं. फरक व्यायाम करताना कळतो. निरोगी पहिलवानाला ट्रेडमिलवर पळवलं की नाडी सरसर चढते आणि पीआर आखूड होतं. वाट खराब असेल तर तसं होत नाही. त्याचा ईसीजी, २४ तासांचा होल्टर, इको आणि ट्रेडमिल हे सगळं करून घ्या, आणि जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत कुस्ती थांबवा. लॅमिनच्या दोषात जन्मभर केलेल्या जोरकस व्यायामानं पंपिंग लवकर उतरतं असं दिसून आलंय. रंकाळ्यावर रोज चालायला हरकत नाही. तालीम सोडायला सांगणं कोल्हापुरात किती अवघड आहे हे मी जाणतो. वस्तादांना सोबत घेऊन समजवा. माझा अनुभव असा की डॉक्टरपेक्षा त्यांचा शब्द जास्त चालतो.

‘आमच्याकडं पुरुषच जातात’ म्हणून तुम्ही स्वतःला सोडलंय, तसं करू नका. हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी दोघांनाही ते मिळण्याची शक्यता रुपयात आठ आणे. पुरुषांत त्रास लवकर आणि जास्त होतो एवढंच. क्रम असा ठेवा: आधी तुम्ही, मग मुलं. भावात सापडलेला तोच एक बदल तुमच्यात शोधायचा असतो, त्यामुळं सगळी जनुकं पुन्हा तपासावी लागत नाहीत आणि खर्चही बराच कमी येतो. तुमच्यात तो नसेल तर तुमच्या मुलांचा प्रश्नच मिटला. असेल तर तुम्हाला वर्षाला एकदा ईसीजी, होल्टर आणि इको. १३ वर्षांच्या लेकराची हृदयतपासणी लगेच, ८ वर्षांच्याची दहा-बाराच्या पुढं, सांधे आखडलेले दिसले तर आत्ताच. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. धाकट्याची सोयरीक चालू आहे म्हणता, तर रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे घरात आधी ठरवा. नात्यातल्या लग्नामुळं हे झालं का, असं आईला वाटतंय. तिला सांगा, हा दोष एकाच बाजूनं आला तरी पुरतो, मामाची मुलगी केल्याचा इथं संबंध नाही.

मात्र हे सगळं भावाच्या रिपोर्टमधल्या एका शब्दावर उभं आहे. तिथं ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ लिहिलंय याची मूळ कागदावर खात्री करा, मोबाइलवरच्या फोटोवर नको. ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलेलं असेल, तर नातेवाइकांची तपासणी त्या बदलावर करायची नाही, आणि मी वर सांगितलेलं बरंच काही बदलेल.

आणि वडिलांचे कागद शोधा. कारखान्यात असताना कधी तपासणी झाली असेल, विमा काढताना ईसीजी काढला असेल, ट्रंकेत नाहीतर जुन्या फायलीत तो सापडेल. ४६व्या वर्षी गेलेल्या माणसाच्या चाळिशीतल्या ईसीजीत पीआर लांबलेलं दिसलं, तर भावाच्या डॉक्टरांना निर्णय घेताना त्या पिवळ्या पडलेल्या कागदाची मोठी मदत होईल. भेटीला जाताना तो सोबत न्या.